पाखेलबेलचा कॅनन आपल्या वाद्यांसाठी उतरवताना

आयएमएसएलपी या पाश्चात्त्य स्वरलिपींच्या संकेतस्थळावरून जर्मन रचनाकार पाखेलबेलच्या कॅननची (एकच चाल वाद्यांनी एकामागून एक उचलायची, अशी रचना) पीडीएफ उतरवून घ्यायला दोन मिनिटं पुरतात. ती परभणीच्या किंवा अंबाजोगाईच्या एखाद्या संगीत वर्गात प्रत्यक्ष वाजायची तर खरं काम त्यानंतर सुरू होतं. मूळ कागद तीन व्हायोलिन आणि खर्जाच्या साथीसाठी लिहिलेला. आपल्याकडे समोर बसलेले असतात दोन पेटीवाले, एक बासरी, एखादं व्हायोलिन, बँड पार्टीतला क्लॅरिनेटवाला, त्याच्या ओळखीचा अल्टो सॅक्सोफोन आणि तबला. यातल्या निम्म्यांना स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेषांवरची पाश्चात्त्य लिपी, येत नाही; उरलेल्यांना सरगम लिहायची भातखंडे पद्धत येत नाही. तरीही सुरुवात करायला याहून सोयीची रचना नाही, असं माझं ठाम मत आहे.

कारण खर्जाची ओळ बघा. मूळ रचना डी मेजरमध्ये आहे, म्हणजे पेटीच्या पांढरी दोनला सा. त्या सा वरून ओळ लिहिली तर ती अशी येते (खाली बिंदू म्हणजे खालचं सप्तक, वर बिंदू म्हणजे वरचं):

सा प़ ध़ ग़ | म़ स़ा म़ प़

आठ स्वर, आठ मात्रा, म्हणजे केहेरव्याचं बरोबर एक आवर्तन. हीच ओळ २८ वेळा येते आणि २९व्या समेवर सगळे सा वर थांबतात. वरची चाल पहिलं वाद्य दुसऱ्या आवर्तनात उचलतं, दुसरं वाद्य तीच चाल तिसऱ्या आवर्तनात, तिसरं चौथ्यात. चालीच्या पहिल्या दोन ओळी:

गं रें सां नि | ध प ध नि
सां नि ध प | म ग म रे

सगळे शुद्ध स्वर. बिलावलचे अलंकार झालेल्या मुलाला यात नवीन काही नाही. मिनिटाला ५६ मात्रा धरल्या तर सगळा कॅनन चार मिनिटांत संपतो.

उतरवून घेताना दोन गोष्टी बघाव्यात. ‘स्कोअर’ म्हणजे सगळी वाद्यं एकाखाली एक, आणि ‘पार्ट’ म्हणजे एकेका वाद्याचा सुटा कागद. तालमीला बसवणाऱ्याला स्कोअर लागतो, वाजवणाऱ्याला पार्ट. वाजवणाऱ्याच्या हातात स्कोअर दिला तर दर दोन ओळींनी पान उलटावं लागतं. दुसरं हक्कांचं. पाखेलबेल १७०६ मध्ये गेला आणि आपल्या कायद्यात रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्क संपतात, त्यामुळे मूळ रचना मोकळी आहे. पण कालपरवा कुणी पियानोसाठी किंवा गिटारसाठी केलेली मांडणी मोकळी असतेच असं नाही. म्हणून जुनं संपादन घ्या आणि मांडणी आपली आपण करा.

स्कोअर वाचताना हमखास होणारी चूक बास क्लेफची, म्हणजे खर्जाच्या ओळीच्या सुरुवातीला असणाऱ्या खुणेची; वरच्या स्वरांची खूण ती ट्रेबल. खर्जाचा पहिला स्वर मधल्या रेषेवर असतो. बास क्लेफमध्ये ती रेषा डीची, म्हणजे सा. नुकतंच ट्रेबल शिकलेला माणूस त्याच रेषेला बी समजतो आणि सा च्या जागी ध पासून सुरुवात करतो. पुढचे सगळे स्वर तितकेच सरकतात. गंमत म्हणजे ते ऐकायला अगदीच बेसूर लागत नाही, त्यामुळे वरची चाल येईपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही.

आता पट्टी. मूळची पांढरी दोन व्हायोलिनला उत्तम, कारण डी आणि ए या तारा मोकळ्या वाजतात. क्लॅरिनेटवाल्याचे मात्र हाल. बँडमधला क्लॅरिनेट, ट्रम्पेट आणि टेनर सॅक्स ही बी फ्लॅटची वाद्यं. त्यांचा कागद पेटीपेक्षा दोन पट्ट्या वर लिहावा लागतो, काळ्या-पांढऱ्या सगळ्या पट्ट्या धरून. टेनरला त्यावर आणखी एक सप्तक वर. अल्टो सॅक्स ई फ्लॅटचा, त्याच्यासाठी सा तीन पट्ट्या खाली मोजायचा आणि कागदावर एक सप्तक वर मांडायचा. म्हणजे पेटीची पांढरी दोन क्लॅरिनेटवर ई मेजर होते, चार शार्प, म्हणजे चार चढवलेले स्वर. अल्टोवर बी मेजर, पाच शार्प. लग्नसराईत रोज वाजवणाऱ्या हातालाही हे जड जातं, आणि द्रुत तुकड्यात बोटं अडकतात.

एकच पट्टी चढवून सा काळी दोनला घेतला की चित्र बदलतं. क्लॅरिनेट एफ मेजरमध्ये येतो, एकच फ्लॅट, म्हणजे उतरवलेला स्वर. अल्टो थेट सी मेजरमध्ये, शार्प नाही की फ्लॅट नाही. पेटीवाल्याला फरक पडत नाही. व्हायोलिनवाला आपल्या पद्धतीने सा-प मिळवणारा असेल तर तोही खूश; पाश्चात्त्य जुळणीचा असेल तर मोकळ्या तारा जातात आणि त्याला बोटांनी काम भागवावं लागतं. त्याने तारा अर्ध्या स्वराने चढवू नयेत, सगळ्यात बारीक तार तुटण्याची शक्यता असते. मिश्र ताफ्यासाठी मी काळी दोनच सुचवेन. फुंकायची बँडची वाद्यं नसतील तर पांढरी दोन सोडू नका.

बासरीवाल्याकडे त्या पट्टीची बासरी असली तर प्रश्नच नाही. नसली तर काही वेळा मध्यमाला सा धरून भागतं. पांढरी सहाच्या बासरीवर पांढरी दोन म्हणजे मध्यम. तिथून बिलावल वाजवताना बासरीचा एकच कोमल निषाद लागतो, अर्धं भोक उघडून. संथ ओळींत ते जमतं, चौपटीत नाही. चाल पुढे तार सप्तकात बरीच वर चढते. बासरीला वर त्रास व्हायला लागला तर अख्खं आवर्तन एक सप्तक खाली घ्यावं. नको असलेला एकच स्वर खाली घेतला की चालीचा आकार मोडतो आणि मागून येणारं वाद्य वेगळंच काही वाजवतंय असं वाटतं.

प्रत्येक कागदाच्या डोक्यावर मोठ्या अक्षरात लिहा: ‘पेटीचा सा काळी दोन, तुमचा सा एफ.’ हे नसलं की तालमीचा पहिला अर्धा तास ‘माझा सा कुठला’ यातच जातो. म्युझस्कोअर या स्वरलिपीच्या सॉफ्टवेअरमध्ये कागद करत असाल तर छापण्याआधी ‘कॉन्सर्ट पिच’चं बटण बंद आहे ना, ते बघा. ते चालू राहिलं तर क्लॅरिनेटचा पार्ट पेटीच्या पट्टीत छापला जातो, आणि क्लॅरिनेटवाला बिचारा कागदाप्रमाणे वाजवूनही दोन पट्ट्या खाली ऐकू येतो.

सरगम वाचणाऱ्यांचे कागद हातानेच उतरवावे लागतात. आधी ठरवा, भातखंडे की पलुस्कर. दोन्ही पद्धतींत शिकलेली मुलं एकाच वर्गात असतात आणि खुणांचा घोटाळा ठरलेला. भातखंड्यांत सम × ने दाखवतात आणि काल शून्याने. पलुस्करांत सम १ आणि काल +. घाईत काढलेला + आणि × झेरॉक्समध्ये सारखेच दिसतात, आणि निम्मा वर्ग पाचव्या मात्रेला सम समजतो. सप्तकांचंही तसंच: भातखंड्यांत खाली बिंदू म्हणजे मंद्र आणि वर बिंदू म्हणजे तार, पण पलुस्करांत वरचा बिंदू मंद्राचा. मी भातखंडे घ्यायला सांगेन, आणि पहिल्या पानावर चार खुणांची चौकट द्यायला.

संगणकावर करायचं तर ए-फोर आडवं पान, आठ रकान्यांचा तक्ता, चौथ्या रकान्यानंतर जाड रेघ. मंद्राचा बिंदू नुक्त्याने टाइप होतो, तारेचा अनुस्वाराने. सा ला नुक्ता देताना आधी स, मग नुक्ता, मग काना. उलट केलं तर बिंदू भलतीकडे जातो किंवा सुटा दिसतो. अक्षर १८ पॉइंटच्या खाली नको. बिंदू हा या कागदांचा सगळ्यात नाजूक भाग. झेरॉक्सची झेरॉक्स काढली की ते उडतात, व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलं की पुसट होतात, आणि मंद्र पंचम मध्य पंचम होऊन बसतो. पीडीएफ ‘डॉक्युमेंट’ म्हणूनच पाठवा. मूळ प्रतीवरचे बिंदू जेल पेनने ठळक करून मग झेरॉक्सला द्या.

खरी अडचण विश्रांतीची. आपल्या लिपीत आडवी रेघ म्हणजे आधीचा स्वर लांबवणे. स्टाफ नोटेशनमध्ये गप्प बसण्याची वेगळी चिन्हं आहेत. आपल्याकडे त्या जागी सवयीने रेघच पडते. मग पेटीवाला बोट उचलत नाही आणि मूळ रचनेत जिथे मोकळी जागा आहे तिथे स्वर रेंगाळतो. तिथे शून्यही चालत नाही, ती कालाची खूण. छोटा रिकामा चौकोन ठेवा, □, आणि खुणांच्या चौकटीत तो समजावून द्या. सुरुवातीची लांब विश्रांती चौकोनांनी भरू नका. तिसऱ्या वाद्याच्या कागदावर सरळ लिहा: ‘तीन आवर्तनं थांबा. हीच चाल दुसऱ्यांदा सुरू झालेली ऐकू आली की त्यानंतर आठ मात्रांनी तुम्ही.’ नुसती मोजणी दिली तर चुकते, कानाची खूण दिली तर चुकत नाही.

पुढे चाल दुगुण, चौगुण आणि काही ठिकाणी आठपट होते. सगळ्यांच्या ओळखीचा तुकडा आहे तो: एका मात्रेत पं– गंमं पं– गंमं, आणि पुढच्या मात्रेत पं प ध नि सां रें गं मं, असे आठ स्वर. एका रकान्यात आठ अक्षरं, वर बिंदू, खाली कंस. कुणालाच वाचता येत नाही. त्या आवर्तनांपुरती मात्रा अर्धी करा, म्हणजे एक आवर्तन १६ रकान्यांत, दोन ओळींत मांडा, आणि वर लिहा ‘इथून दोन रकाने मिळून एक मात्रा’. तो भाग संपला की पुन्हा आठ. ही सूचना विसरली तर लय बरोबर निम्मी होते, आणि दोष विनाकारण तबल्यावर येतो.

तबला मुळात या रचनेत नाहीच. घ्यायचाच तर ठाय लयीतला साधा केहेरवा, बायाची घुमक कमी ठेवून. शेवटी तिहाई नको. शेवटच्या आवर्तनात खर्ज म वरून प वर येतो आणि प वरून सा वर विसावतो, त्या जागेवर तिहाईचा गलका झाला तर सगळी गंमत झाकली जाते.

तानपुऱ्याचं अॅप तालमीत बंद ठेवा. सवयीने कुणीतरी लावतंच. सा-प सतत वाजत राहिला तर खर्ज सा वर असताना छान लागतं, पण तिसऱ्या मात्रेला खर्ज धैवतावर जातो तेव्हा वरचा पंचम त्याला टोचतो. इथे आधार स्वर हलता आहे, स्थिर षड्ज चालत नाही. मींडही आवरा. गं वरून रें वर घसरत आलं की त्याच क्षणी दुसरं वाद्य त्याच्या तिसऱ्या स्वरावर उभं असतं आणि दोघांमधलं अंतर गढूळ होतं. गंधाराबद्दल आधी बोलून घ्या: तानपुऱ्यावर तयार झालेल्या व्हायोलिनवाल्याचा शुद्ध गंधार पेटीच्या गंधारापेक्षा १४ सेंट (अर्ध्या स्वराचे शंभर भाग केले तर त्यातले चौदा) खाली असतो. तोच खरा गोड, हे मान्य. पण पेटी हलणार नाही, त्यामुळे व्हायोलिनला वर यावं लागतं.

जुळवणीही पेटीवरूनच. जुन्या पेट्या अनेकदा ४४० हर्ट्झच्या प्रमाण जुळणीवर नसतात, ट्यूनरला विचारून क्लॅरिनेट मिळवला आणि मग पेटी वाजली तर दोघं वेगळे. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पत्र्याच्या सभागृहात दुपारी पारा चाळिशीच्या वर असतो. हवा तापली की फुंकायच्या वाद्यांचा स्वर चढतो, तारा तापल्या की उतरतात, पेटीची पितळी रीडही किंचित उतरते. म्हणजे एक वर, दोन खाली. क्लॅरिनेटचा वरचा बॅरल मिलिमीटर-दोन मिलिमीटर बाहेर ओढला की स्वर खाली येतो. बासरीवाल्याला मात्र फुंकीचा कोन बदलण्याखेरीज इलाज नाही. तालीम सकाळी आणि कार्यक्रम दुपारी असेल तर रंगमंचावर पाच मिनिटं वाजवून मग पुन्हा मिळवा.

कागद ९० जीएसएमचा घ्या, नेहमीचा पातळ कागद पंख्याखाली फडफडतो. एका बाजूलाच छापा आणि पानं कडेला कडा लावून चिकटवा, म्हणजे तीन पानं एकदम उघडी राहतात आणि उलटावी लागत नाहीत. स्पायरल बायंडिंग दिसायला बरं, पण पान नेमकं चौगुणीच्या मध्ये उलटायची वेळ येते. मैदानातल्या मंडपात कार्यक्रम असेल तर कपड्यांचे चार चिमटे प्रत्येक स्टँडला, आणि लाइट जाणार हे धरून एक चार्जिंगचा छोटा दिवा. एक जादा संच पेटीच्या खोक्यात ठेवा. क्लॅरिनेटवाला त्याच दिवशी लग्नाच्या वरातीतून थेट येतो आणि त्याचा कागद बहुधा वरातीतच राहिलेला असतो.