मडगार्ड काढल्यावर

जुन्या बुलेटची कॅफे रेसर, म्हणजे खाली झुकलेल्या हँडलची आणि एकट्याच्या सीटची सडपातळ गाडी, करायची म्हटलं की पहिला हात जातो तो मागच्या मडगार्डला. मोजके बोल्ट, दोन पट्ट्या, टेललाइटच्या वायरी, आणि चाक उघडं पडतं. गाडी लगेच सडपातळ दिसायला लागते. त्या उत्साहात साडीगार्ड जातं, चेनकव्हर जातं, दोन्ही बाजूंच्या पेट्या जातात, लांबलचक डबल सीट जाते. संध्याकाळपर्यंत अंगणात सुट्या भागांचा ढीग आणि शेजारी एक हाडकुळी गाडी. इथवरचं काम कुणालाही जमतं. पुढचे सहा महिने जातात ते ढिगातली एकेक वस्तू नेमकं काय काम करत होती आणि ते आता कुणाच्या गळ्यात घालायचं, हे सोडवण्यात.

मूळच्या कॅफे रेसर इंग्लंडातल्या. लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रोडवर १९३८ साली सुरू झालेलं एस कॅफे युद्धात बॉम्बखाली गेलं, १९४९ला पुन्हा उभं राहिलं आणि पन्नास-साठच्या दशकांत मोटरसायकलवाल्या पोरांचा अड्डा झालं. ज्यूकबॉक्समध्ये नाणं टाकायचं आणि रेकॉर्ड संपायच्या आत ठरलेल्या चौकाला वळसा घालून परतायचं, अशी शर्यत लागायची म्हणे. त्यांना गाठायचं होतं ते शंभर मैलांचं, म्हणजे ताशी १६० किलोमीटरचं शंभर. नॉर्टनच्या फेदरबेड चेसिसमध्ये ट्रायम्फचं इंजिन बसवून ट्रायटन बनवण्याची खटपट त्यासाठीच. आपल्या कास्ट आयर्न ३५० बुलेटचं गणित ७० मिमी बोअर (सिलिंडरची रुंदी), ९० मिमी स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) आणि १८ हॉर्सपॉवर. तीही शंभर गाठते, पण किलोमीटरमध्ये, आणि तोवर आरशातलं जग पुसट झालेलं असतं. हे सुरुवातीलाच कबूल केलं की मोठा कार्बोरेटर आणि रेसिंग पिस्टन यांच्यावरचा खर्च वाचतो. लांब स्ट्रोकचं इंजिन आहे. त्याला पळवायचं नसतं, ओढू द्यायचं असतं.

कागद मात्र इंजिनाच्याही आधी. आरसी बुकातला चेसिस नंबर आणि हेडस्टॉकवर (चेसिसच्या पुढच्या, हँडल फिरतं त्या नळीवर) ठोकलेला नंबर जुळत नसेल तर गाडी फुकट मिळाली तरी महाग. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच ठणकावून सांगितलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. म्हणून चेसिसला कटर लावण्याच्या मी विरोधात आहे. बोल्टने बसेल आणि बोल्टनेच निघेल एवढंच करावं, आणि ढिगातली एकही वस्तू भंगारवाल्याला देऊ नये. पंधरा वर्षांनंतर नोंदणीच्या नूतनीकरणासाठी आरटीओसमोर गाडी उभी करायची असते, तेव्हा तेच मडगार्ड माळ्यावरून खाली काढावं लागतं.

साडीगार्डचीही गंमत आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३वा नियम सांगतो, की मागे कुणी बसण्याची सोय असेल तर धरायला कडी, पाय ठेवायला फूटरेस्ट आणि मागचं चाक निम्मं तरी झाकणारं संरक्षण हवं. पदर, ओढणी चाकात जाऊ नये म्हणून. कॅफे रेसरवाले एकट्याची सीट लावतात आणि साडीगार्ड काढतात, आणि दोन महिन्यांनी त्या सीटच्या मागच्या उंचवट्यावर, म्हणजे कुबडावर, मित्राला टेकवून चहाला निघतात. दोन्ही एकदम चालत नाही. मागे कुणी बसणार असेल तर साडीगार्ड राहू द्यावं.

आता हँडल. बाकी मोटरसायकलींवर क्लिप-ऑन, म्हणजे फोर्कच्या पाइपांनाच आवळून बसणारं बुटकं हँडल, लावणं तासाभराचं काम आहे. बुलेटवर तसं होत नाही, कारण पुढचं ते भलंमोठं डोकं, ज्यात हेडलाइट, स्पीडोमीटर, अँपिअर मीटर आणि दोन बाजूंचे बारके टायगर लॅम्प बसतात, ते नुसतं झाकण नाही. फोर्कचे दोन्ही पाइप वर त्यातच घट्ट होतात. म्हणजे तोच वरचा योक, दोन्ही पाइपांना धरणारा आडवा तुकडा. ते काढलं तर पुढचं चाक धरायला वर काही उरत नाही. त्याच्या जागी सपाट योक मिलिंग करून घ्यावा लागतो. अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा, दोन पाइपांमधलं अंतर आणि स्टेअरिंगचा मधला दांडा तंतोतंत जुळलेला. कोल्हापूरच्या उद्यमनगरात असलं काम करणारे कसबी हात आहेत, पण मापं आपण न्यायची, आणि ती व्हर्नियरने घेतलेली. अर्धा मिमी चुकला तर दोन्ही पाइप समांतर राहत नाहीत, फोर्क खाली दबतो तो तिथेच अडकतो, आणि लोक ऑइल सील बदलत बसतात. एवढा कुटाणा नको असेल तर मूळ डोकं ठेवून खाली झुकलेलं एस हँडल लावावं. रूप थोडं कमी, पण गाडी मूळ पदावर आणायची झाली तर अर्ध्या तासाचं काम.

हँडल कुठलंही असो, पुढच्या दोन तपासण्या टाळू नयेत. हँडल पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे वळवायचं. मूठ आणि टाकी यांच्यात अंगठ्याला किमान २० मिमी जागा हवी. नसेल तर यू-टर्न घेताना अंगठा चिरडतो आणि क्लच सुटतो. लोक यासाठी टाकीला हातोडीने खळगे पाडतात, पण स्टेअरिंगचा स्टॉपर थोडा वाढवला तरी भागतं. दुसरं, इंजिन चालू ठेवून हँडल तसंच फिरवायचं. रेस आपोआप वाढली तर केबल तोकडी आहे किंवा कुठेतरी ताणली जातेय. खाली आलेल्या हँडलवर मात्र बहुधा उलटं होतं. जुन्या केबली लांब पडतात, टाकीखाली त्यांचं वेटोळं होतं आणि क्लच दगडासारखा जड लागतो. केबल नव्याने बनवून घ्यावी. पुण्यात नाना पेठेतल्या स्पेअरपार्टच्या गल्ल्यांत विचारत गेलं की बनवून देणारा सापडतो.

क्लिप-ऑन लावून फूटरेस्ट जागच्या जागी ठेवले, तर सगळं वजन मनगटांवर येतं. म्हणून पाय मागे घ्यायचे, साधारण २०० मिमी मागे आणि ७५ मिमी वर. जुन्या बुलेटची खरी परीक्षा इथेच लागते. तिचा गिअर उजवीकडे, किक उजवीकडे, न्यूट्रलचा वेगळा खटकाही उजवीकडेच. मागे नेलेला उजवा फूटरेस्ट किकच्या वाटेत बरोबर मध्ये येतो. तो घडीचा घ्यावा. पक्का वेल्ड केलेला फूटरेस्ट आणि १८ हॉर्सपॉवरची उलटी किक यांच्यामध्ये पोटरी आली, तर पुढचा पंधरवडा लंगडत काढावा लागतो.

गिअरचा दांडा आणखी नाजूक. मूळ गाडीत पहिला गिअर वर आणि बाकीचे तीन खाली. लिव्हर उलटी फिरवून मागे तोंड केली की क्रमही उलटतो, पहिला खाली आणि बाकीचे वर. हे वाईट नाही, फक्त आधी ठरवलेलं हवं. रॉड घालून लिंकेज केलं तर गिअर शाफ्टवरचा आर्म आणि फूटरेस्टकडचा आर्म, दोघांची लांबी सारखी ठेवायची आणि गिअर मोकळा असताना दोघेही रॉडशी काटकोनात हवेत. फूटरेस्टकडचा आर्म आखूड झाला तर पाय दाबूनही शाफ्ट पुरता फिरत नाही, आणि दुसऱ्या-तिसऱ्याच्या मध्ये गाडी नुसती गुरगुरत राहते. या गिअरबॉक्सला खोट्या न्यूट्रलची खोड मुळातच आहे, त्यात आपण भर घालायला नको. डावीकडचा ब्रेक त्यामानाने सरळ, कारण ड्रमही डावीकडेच आहे. रॉड आखूड करायचा. ब्रेक पूर्ण दाबल्यावर ड्रमवरचा आर्म रॉडशी काटकोनाच्या आसपास यावा, त्याच्या पुढे गेला की जोर वाया जातो.

मागच्या बाजूला मडगार्ड धरणाऱ्या नळ्या बोल्टवर निघतात, हे बुलेटचं भाग्य. त्याच भोकांवर बसणारा यू आकाराचा हूप वेगळा बनवायचा. तो जागेवर लावून बघताना दोन्ही शॉकअप सोडून चाक हाताने वर उचलावं, शॉकअप पूर्ण दबल्यावर जिथे येईल तिथपर्यंत, आणि टायर ते हूप किमान २५ मिमी अंतर आहे ना ते पाहावं. स्टँडवर उभ्या गाडीत भरपूर दिसणारी जागा पहिल्याच स्पीडब्रेकरवर संपते, आणि टायर टेललाइटच्या वायरी चावून खातो. वेल्डिंग शक्यतो हूप उतरवून करावं. गाडीवरच टाके मारायचे झाले तर बॅटरी आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशन असेल तर त्याचा डबा आधी सोडवावा.

शॉकअपबद्दल सहसा कुणी बोलत नाही. मूळ स्प्रिंग दोन माणसं आणि लोखंडी मडगार्ड यांच्या हिशोबाने आहेत. मागचं वजन दहा-बारा किलोंनी कमी झालं आणि दुसरा माणूस उतरला की शेपूट खड्ड्यागणिक उडायला लागतं. प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगला आधीच दिलेला ताण, सर्वांत नरम खाचेवर आणावा, तरी उडत असेल तर स्प्रिंग बदलाव्यात. सीटला ५० मिमी घट्ट फोम पुरतो. पातळ सीट फोटोत छान दिसते, पण त्यावर बसून खंबाटकी चढून बघावी.

पेट्या काढल्या की बॅटरी, एअर फिल्टर आणि अवजारं बेघर होतात. बॅटरी सीलबंद प्रकारची घ्यावी आणि सीटच्या कुबडात किंवा स्विंग आर्मच्या पुढे तबकात बसवावी, खाली रबर, वरून पट्टा. फिल्टरच्या जागी कोनासारखा उघडा फिल्टर येतो. त्यातून हवा जास्त जाते, मिश्रण पातळ होतं, अ‍ॅक्सिलरेटर सोडला की सायलेन्सरमधून फटफट आवाज येतो आणि इंजिन तापतं. लोक हा आवाज ‘रेसिंगचा’ म्हणून मिरवतात. प्लग काढून पाहावा. पांढराफटक असेल तर मेन जेट (कार्बोरेटरमधली पेट्रोल सोडणारी भोकाची पितळी कळ) पाच-पाच नंबरांनी वाढवत न्यायचा, बदामी तपकिरी दिसेपर्यंत. काळी काजळी आली की एक पायरी मागे. कास्ट आयर्नचं सिलिंडर पातळ मिश्रणावर लांब पळवलं तर पिस्टन जाम होतो, आणि तो नेमका घाटात होतो.

इंजिनातून निघणाऱ्या बेंड पाइपला गुंडाळायची ती पट्टी दिसते छान, पण पावसाचं पाणी धरून ठेवते आणि साध्या लोखंडी पाइपला पट्टीखालून गंज चढवते. सायलेन्सर आखूड चालेल, त्यातला आवाज दाबणारा भाग, म्हणजे बॅफल, काढू नये. बिनबॅफलचे सायलेन्सर जप्त करून रस्त्यावर ओळीने मांडायचे आणि त्यांवरून रोड रोलर फिरवायचा, हा आपल्याकडच्या पोलिसांचा आवडता कार्यक्रम आहे.

टाकीच्या बाबतीत रूपापेक्षा पेट्रोलचा विचार करावा. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. फायबरची हलकी टाकी त्यात हळूहळू मऊ पडते आणि तिचा चिकट राळ कार्बोरेटरमध्ये उतरतो. लोखंडी टाकीच घ्यावी. आतला गंज काढायला मूठभर नटबोल्ट टाकून व्हिनेगर भरून ठेवतात, मग खायच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन लगेच वाळवतात. ओली राहिली तर रात्रीत पुन्हा तांबूस होते.

आणि ते मडगार्ड. पुढच्या मडगार्डची कमान दोन्ही फोर्कना एकमेकांशी बांधून ठेवते. ते काढून टाकलं की वळणात पुढचं चाक किंचित पिळवटतं. आखूड करा, पण कमान ठेवा. मागचं पूर्ण गेलं तर आषाढात चिखलाची एक सरळ रेघ कमरेपासून मानेपर्यंत उमटते. ती धुता येते. तेच पाणी उघड्या फिल्टरवर, कॉइलवर आणि बॅटरीच्या टोकांवर जातं, ते महागात पडतं. टायर आणि बॅटरीच्या तबकामध्ये अ‍ॅल्युमिनियमचा हातभर वाकवलेला पत्रा स्विंग आर्मला जोडला तरी निम्मा प्रश्न सुटतो, बाहेरून दिसतही नाही. नंबर प्लेटही मडगार्डबरोबरच गेलेली असते. मागच्या हाय सिक्युरिटी प्लेटचं माप २०० बाय १०० मिमी, ती वाकवायची नाही, कापायची नाही. हूप बनवतानाच तिचा ब्रॅकेट धरावा.

रंगाचं काम सर्वांत शेवटी, सगळी गाडी एकदा कच्ची जोडून, चालवून, पुन्हा उघडल्यावर. पावडर कोटिंगला चेसिस देताना हेडस्टॉकवरच्या नंबरावर उष्णता सोसणारी टेप लावायला सांगावं, नाहीतर जाड थराखाली नंबर बुजतो आणि आरटीओत खरवडत बसावं लागतं. बेअरिंगच्या वाट्या, इंजिनाच्या बैठका आणि अर्थिंगचा बोल्टही झाकून घ्यावेत. अर्थिंगवर रंग बसला की इंडिकेटर लावताच हेडलाइट मंद होतो, आणि वायरमन बिचारा सगळं हार्नेस उलगडतो.

जुन्या बुलेटवर आटे इंचातले, ब्रिटिश पद्धतीचे. मिलिमीटरचा बोल्ट दोन फेरे जातो, तिसऱ्याला जोर लावला की आटे गेले. म्हणून मूळ बोल्ट पिशव्यांत नावं घालून ठेवावेत. पहिले पन्नास किलोमीटर झाल्यावर गाडी थंड करून इंजिनाचे बोल्ट, सायलेन्सरची क्लॅम्प, योक, फूटरेस्ट, हूप असं सगळं पुन्हा आवळावं. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हच्या दांड्यांमधली फट, थंड इंजिनावर बघायचे. कॉम्प्रेशनच्या टोकाला पिस्टन आणून पुशरॉड बोटांनी फिरला पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये. दोनशे किलोमीटरला हेच सगळं परत. टेललाइटला मात्र एलईडीच लावावा. मडगार्डचं रबर गेल्यापासून साध्या बल्बची तार आठवडाभर टिकत नाही, आणि तो गेलाय हे चालवणाऱ्याला सोडून मागच्या सगळ्यांना कळतं.