विजयंतासाठी मिरजेची वारी

विजयंत रणगाड्याचा प्लॅस्टिक किट सहजी मिळत नाही. जर्मन टायगर, अमेरिकन शर्मन म्हणाल तेवढे मिळतात. पण विकर्स या ब्रिटिश कंपनीच्या आराखड्यावरून चेन्नईजवळच्या आवडी या गावातल्या कारखान्यात तयार झालेला आपला रणगाडा हवा असेल तर प्लॅस्टिक शीट कापत बसायचं. नशीब एवढंच, की त्याचं टरेट, म्हणजे तोफेचा फिरता बुरूज, सपाट पोलादी पत्रे वेल्ड करून बनवलेलं आहे. सोव्हिएत टी-५५ रणगाड्यासारखं ओतीव, घुमटाकार असतं तर मी या फंदात पडलोच नसतो. शिवाय १:३५ या प्रमाणात १०५ मिमी तोफेचं तोंड बरोबर ३ मिमी येतं. असा सरळ हिशेब आला की हुरूप येतो.

गाडीचा सांगाडा साताऱ्यात घरीच उभा राहिला. घोडं अडलं बारीक भागांवर. मॉडेल खोटं दिसतं ते आकारामुळे कमी आणि जाडीमुळे जास्त, असं माझं पक्कं मत आहे. खऱ्या गाडीचा ३ मिमीचा मडगार्ड एक मिमी शीटमधून कापलात तर त्या प्रमाणात तो ३५ मिमीचा चिलखती पत्रा होतो. त्यासाठी कोल्ड्रिंकचा रिकामा कॅन उत्तम, त्याची भिंत साधारण ०.१ मिमी असते. पण हँडल, दिव्यांच्या जाळ्या, ओढायचा दोर, अँटेना यांना तार लागते, आणि तीही नेमक्या जाडीची. म्हणून मिरज.

साताऱ्याचं स्टेशन गावापासून इतकं लांब आहे की अर्धा प्रवास रिक्षातच झाल्यासारखा वाटतो. पुढे कोरेगाव, रहिमतपूर, मसूर, कराड, दोन्ही बाजूंना ऊस. किर्लोस्करवाडीला डुलकी मोडली. सांगलीला अर्धी गाडी उतरली, माझ्या शेजारच्या काकूंनी उतरता उतरता भडंगाची उरलेली पुडी माझ्या हातात दिली. मिरज येईपर्यंत ती संपली.

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत शिरलं की आधी भोपळे दिसतात. दारात, माळ्यावर, पायरीवर वाळलेले मोठमोठे भोपळे, आणि मधूनच कुणीतरी तार छेडल्याचा आवाज. एका दुकानात चाचा मांडीवर घोडी, म्हणजे तारा जिच्यावरून जातात ती पट्टी, घेऊन कानस चालवत होते.

"तार कशाला पाहिजे? सतारीला का तंबोऱ्याला?"

"रणगाड्याला, चाचा."

मोबाइलवरचे फोटो त्यांनी एकेक करून, बोटांनी मोठे करून पाहिले. मग म्हणाले, "आमचे वाडवडील शिकलगार. तलवारींना धार लावायचे." मिरजेत हा इतिहास सगळ्यांना ठाऊक आहे: राजेरजवाडे गेले, हत्यारांचं काम आटलं आणि एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांसारखे कारागीर वाद्यांकडे वळले. चाचांनी तो दोन वाक्यांत संपवला आणि तारांची बंडलं काढली.

तरफेची, म्हणजे सतारीच्या मुख्य तारांखालच्या बारीक तारांपैकी, पोलादी तार ०.२३ मिमीच्या आसपासची. माझा बेत होता सहा तारा एकीभोवती पिळून दोर करायचा. म्हणजे जाडी तिप्पट, सुमारे ०.७ मिमी, खऱ्या मापात २४ मिमीचा दोर. हिशेब चोख होता. चाचांनी मान हलवली. "पोलादी पीळ धरत नाही. सोडला की उलगडतो. पितळी घ्या, आणि आधी तापवून मऊ करा." पोलादी तार मी अँटेनासाठी घेतली. तिला ताठच राहायचं असतं, तिथे तो हट्टीपणा कामाचा.

मग पुष्कळ वेळ मी नुसता बघत बसलो. चाचा जवारी काढत होते, म्हणजे घोडी घासून तारेचा झणकार जुळवत होते. घोडीच्या माथ्यावर कानशीचे दोन हात, तार चढवायची, छेडायची, ऐकायचं, तार उतरवून पुन्हा घासायचं. माप कुठेच नाही. मी कौतुकाने माझा डिजिटल कॅलिपर पुढे केला. त्यांनी हातात घेतला, उघडझाप केली, आकडे पळताना पाहिले आणि हसून परत दिला. निघताना सजावटीच्या पांढऱ्या सेल्युलॉइडचे तुकडे देत होते, पण ते मी घेतले नाहीत. पॉलिस्टायरीनचं, म्हणजे मॉडेलच्या प्लॅस्टिकचं, सिमेंट त्याला धरेल याचा मला भरवसा नाही. प्लॅस्टिक प्लॅस्टिकला वितळून चिकटलं तरच सांधा टिकतो.

मिरजेचा दुसरा धंदा दवाखान्यांचा. १८९४ मध्ये डॉ. वानलेस यांनी इथे मिशन हॉस्पिटल काढलं. आज या गावात सर्जिकल सामानाचं दुकान शोधावं लागत नाही. मॉडेलवाल्याला ही दुकानं म्हणजे पर्वणीच. अकरा नंबरचं ब्लेड शीट कापायला. बावीस गेजची सुई बाहेरून ०.७ मिमी, म्हणजे १:३५ मध्ये २५ मिमीची मशीनगनची नळी, आतून पोकळ आणि आयती. टोक मात्र घासून सपाट करायचं, आणि गॉगल लावून.

राहिल्या रणगाड्याच्या चाकांवरच्या पट्ट्याच्या कड्या. त्या एकेक कापत बसलो तर निवृत्तीपर्यंत पुरतील. एक कडी नीट करायची, साचा घ्यायचा आणि बाकीच्या रेझिनमध्ये ओतायच्या. साच्यासाठी डेंटल दुकानात गेलो. अल्जिनेट ही दातांचं माप घ्यायची पूड स्वस्त असते, पण तिचा साचा वाळला की आकसतो आणि कड्या एकमेकींत बसत नाहीत. म्हणून त्याच कामाची सिलिकॉन पुटी मागितली.

"डॉक्टर, क्लिनिक कुठं आहे आपलं?" दुकानदाराने बिल करता करता विचारलं.

"साताऱ्याला," म्हणालो. त्याने दहा टक्के सूट दिली.