टीव्हीवरची अक्षरे आणि शेजारी बसलेले माणूस

बालवाडीच्या पालकसभेत दर वर्षी एक प्रश्न हमखास विचारला जातो, तो म्हणजे मुलांना टीव्ही दाखवावा की नाही. विचारणाऱ्या आईच्या आवाजात बहुधा अपराधी भाव असतो, कारण स्वयंपाक, नोकरी आणि घरातली आजारपणे सांभाळताना तिने टीव्ही लावलेला असतोच. मी तिला आधी एवढेच विचारते की मूल टीव्ही पाहत असताना त्याच्या शेजारी कोण असते. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला टीव्हीतून भाषा आणि अक्षरओळख मिळू शकते, परंतु पडद्यावरचे बोलणे घरातल्या माणसाच्या बोलण्याला जोडले गेले तरच ती मुलाच्या अंगी लागते, असे माझे इतक्या वर्षांच्या शिकवण्यातून झालेले मत आहे.

दोन वर्षांच्या आतल्या बाळापुरते उत्तर सरळ आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार बाळाला पहिले वर्षभर पडद्यासमोर बसवू नये, दुसऱ्या वर्षातही ते टाळावे, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला एक तास ही कमाल मर्यादा धरावी. त्याहून कमी असेल तर उत्तमच. यामागचे कारण पालकांना सांगताना मला पॅट्रिशिया कुल या अमेरिकी संशोधिकेने आपल्या सहकाऱ्यांसह २००३ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग फार उपयोगी पडतो. सुमारे नऊ महिन्यांच्या काही अमेरिकी बाळांसमोर मँडरिन चिनी बोलणारी माणसे प्रत्यक्ष बसली, त्यांच्याशी खेळली, त्यांना पुस्तके वाचून दाखवली. दुसऱ्या काही बाळांना तेच सारे टीव्हीच्या पडद्यावर दाखवण्यात आले. प्रत्यक्ष सहवास मिळालेल्या बाळांना मँडरिनमधले वेगळे ध्वनी ओळखता येऊ लागले, टीव्ही पाहणाऱ्या बाळांना मात्र त्यातले काहीच साधले नाही. बाळाने हुंकार दिला की आई त्याच्याकडे वळते, त्याने बोट दाखवले की त्या वस्तूचे नाव सांगते. पडद्यावरच्या माणसाला हे करता येत नाही.

याच कारणाने, कोणी पाहत नसताना दिवसभर चालू राहणारा टीव्ही मला सर्वांत घातक वाटतो. संध्याकाळच्या मालिका लागलेल्या असतात, मूल जमिनीवर ठोकळे रचत असते, आणि सर्वांना वाटते की त्याचे टीव्हीकडे लक्षच नाही. प्रत्यक्षात टीव्ही नुसता मागे चालू असला तरी लहान मुलांचा खेळ तुटक होतो आणि मोठी माणसे मुलांशी कमी बोलतात, हे संशोधनातून दिसून आलेले आहे. ज्या घरात आजी-आजोबांचा वेळ मालिकांमुळे बरा जातो, तिथे टीव्ही बंद करा असे सुनेने सांगणे सोपे नसते, हे मी जाणून आहे. तरीही मुलाच्या जेवणाच्या वेळी आणि झोपण्यापूर्वी टीव्ही बंद ठेवावा, एवढे ठरवून घेता आले तरी पुष्कळ झाले.

मुलांना अक्षरे आणि आकडे शिकवण्यासाठी टीव्हीचा विचारपूर्वक वापर करणारा सर्वांत प्रसिद्ध कार्यक्रम म्हणजे १९६९ मध्ये अमेरिकेत सुरू झालेला ‘सेसमी स्ट्रीट’. त्याचेच भारतीय रूप ‘गली गली सिम सिम’ या नावाने २००६ मध्ये हिंदीत आले. त्या मूळ कार्यक्रमात मोठ्यांना कळतील असे विनोद आणि नामांकित पाहुणे मुद्दाम घातले जात, ते आई-वडिलांनी मुलांजवळ बसून पाहावे म्हणून. १९९६ मध्ये आलेल्या ‘ब्लूज क्लूज’ या अमेरिकी बालकार्यक्रमाने आणखी दोन गोष्टी केल्या: सूत्रधार प्रश्न विचारून मुलांच्या उत्तरासाठी खरोखर थांबत असे, आणि एकच भाग सलग पाच दिवस दाखवला जाई. आपले मूल एकच गोष्ट पुन्हा पुन्हा मागते, याने पालक कंटाळतात. पण पहिल्या वेळी मूल चित्रे पाहते, मग घटनांचा क्रम लावते आणि त्यानंतर ते पुढचे वाक्य आधीच म्हणू लागते. तेव्हा मागेल तर तोच भाग पुन्हा लावावा. मधेच थांबवून “आता हा ससा कुठे जाईल, सांग बरं” असे विचारावे, आणि उत्तर यायला वेळ लागला तरी आपणच उत्तर देऊन टाकू नये.

अक्षरओळखीसाठी मला सर्वांत मोलाची वाटणारी कल्पना मात्र आपल्या देशातली आहे. अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेतील ब्रिज कोठारी यांनी १९९६ च्या सुमारास असे मांडले की चित्रपटगीत ज्या भाषेत आहे त्याच भाषेत त्याचे शब्द पडद्यावर खाली दाखवावेत, आणि गायक जो शब्द म्हणत असेल तो त्याच क्षणी रंग बदलून उठून दिसावा. १९९९ मध्ये गुजराती गीतांपासून दूरदर्शनवर याची सुरुवात झाली, पुढे ‘चित्रहार’ आणि ‘रंगोली’ या राष्ट्रीय कार्यक्रमांतही ती आली, आणि मराठी चित्रपटांवरही हा उपक्रम झालेला आहे. गाणे पाठ असल्यामुळे पुढचा शब्द कोणता हे आधीच ठाऊक असते, म्हणून अर्धवट वाचता येणाऱ्याची नजरही अक्षरांवरून आपोआप फिरते. कानाने ऐकलेले आणि डोळ्यांनी पाहिलेले जुळत जाते. बडबडगीते मुखोद्गत असलेल्या मुलांना पुस्तकात त्याच ओळींवर बोट फिरवताना जो आनंद होतो, तो मी वर्गात रोज पाहते. त्याचेच हे पडद्यावरचे रूप आहे. घरी इंटरनेटवरून गाणी लावत असाल तर ज्यांच्याखाली शुद्ध मराठीत शब्द दिलेले आहेत तीच निवडावीत. यंत्राने आपोआप उमटवलेली अक्षरे अनेकदा चुकीची असतात, ती नसलेली बरी.

खास मुलांचा कार्यक्रम नसला तरीही हे साधते. माझ्या भाचीचे नाव मुक्ता. तिला नुकताच ‘म’ ओळखता येऊ लागला होता, तेव्हा बातम्यांतला हवामानाचा नकाशा आम्ही दोघी रोज मिळून पाहत असू. “तुझा म कुठे दिसतोय?” असे विचारले की ती उठून पडद्याजवळ जाई. ‘तापमान’मधला म तिला चटकन सापडे, ‘मुंबई’पाशी मात्र ती थबके, कारण म च्या पायाशी उकार आणि डोक्यावर अनुस्वार असे दोन पाहुणे आलेले असत. मग मी तिचे नाव कागदावर लिहून शेजारी धरी, आणि दोन्हीकडचा ‘मु’ एकच आहे हे पाहून तिने एकदा “आत्या, मुंबई माझीच आहे” असे जाहीर केले. पाच मिनिटांत आमचे काम होई, आणि टीव्ही बंद होई.

मराठी घरांची एक अडचण अशी की मुलांच्या वाहिन्यांवर बहुतेक सारे हिंदीत असते, आणि मुले व्यंगचित्रांतली हिंदी वाक्ये सहज बोलू लागतात. हिंदी येण्यात काहीच वाईट नाही. परंतु वाचायला शिकणाऱ्या मुलाला शब्द आधी बोलण्यातून माहीत असावा लागतो. ‘विहीर’, ‘फळा’, ‘वासरू’ हे शब्द कानावर पडलेच नसतील, तर पाठ्यपुस्तकात ते सुटे सुटे वाचूनही अर्थ लागत नाही. १९८४ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या बालचित्रवाणीने मराठी मुलांसाठी अनेक वर्षे शैक्षणिक कार्यक्रम तयार केले. ती संस्था बंद पडल्याची मला आजही हळहळ वाटते. करोनाच्या काळात, २०२० च्या जुलैपासून, सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी ‘टिलीमिली’ मालिका दाखवण्यात आली, तेव्हा असे काम मराठीत मोठ्या प्रमाणावर करता येते हे पुन्हा दिसले. बालवाडीच्या वयासाठी, ठळक मराठी अक्षरांसह, रोज पंधरा-वीस मिनिटांचा कार्यक्रम सह्याद्रीने अवश्य सुरू करावा.

पालकसभेत पुढचा प्रश्न असतो मोबाइल की टीव्ही. पाहायचेच असेल तर मी टीव्ही सुचवते, कारण त्याचा पडदा सर्वांना दिसतो, अक्षरे मोठी असतात आणि मूल काय पाहत आहे हे स्वयंपाकघरातूनही कळते. एक भाग संपल्यावर दुसरा आपोआप सुरू होण्याची सोय मात्र आधीच बंद करून ठेवावी. मग पाहिलेली गोष्ट मुलाने घरातल्या अशा माणसाला सांगावी ज्याने ती पाहिलेली नाही, म्हणजे संध्याकाळी घरी आलेल्या बाबांना किंवा फोनवर गावच्या आजीला; ऐकणाऱ्याला काहीच ठाऊक नसल्यामुळे मुलाला पात्रांची नावे घ्यावी लागतात, आधी काय झाले आणि मग काय झाले हे क्रमाने सांगावे लागते, आणि आजीने “पण तो रडला का?” असे विचारले की कारणही शोधावे लागते.