बांधावरून घरी
ग्रामसभेतून परतताना मुद्दाम खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतजमिनीच्या, बांधावरून आलो. विषय झोन बदलाचा होता, म्हणजे शेतजमीन बांधकामासाठी खुली करण्याचा. २००७ साली गोव्याचा ‘प्रादेशिक आराखडा २०११’ लोकांनी रद्द करायला लावला. मग २०२४ मध्ये नगरनियोजन कायद्यात ३९-अ कलम आलं आणि एकेका सर्व्हे नंबरच्या झोन बदलासाठी अर्ज सुरू झाले.

गावात घरं हवीतच. भावंडं वाढली, जुन्या घरात मावत नाहीत, हे मी रोज बघतो. पण खाजन वेगळं. भरतीचं खारं पाणी मानस, म्हणजे बांधातलं पाण्याचं दार, अडवते, ओहोटीला पावसाचं पाणी बाहेर सोडते, तेव्हा कुठे कोरगूट हा खाऱ्या जमिनीतला भात पिकतो. एकाने भराव घातला की पाणी शेजाऱ्याच्या शेतात चढतं. मग एकट्या मालकाच्या अर्जावर हे कसं ठरवायचं?

हेच उभा राहून बोललो. आवाज कापत होता. मागून एक आजी म्हणाल्या, "बाबू, बांध कोण दुरुस्त करणार, तेही विचार."