हनोईतली कोजागिरी

मी ठाण्यात चरईत राहते आणि गेली एकवीस वर्षं पहाटे तलावपाळीला जाते. पावणेसहाला घरातून निघायचं, कौपिनेश्वराला बाहेरूनच हात जोडायचे आणि गडकरी रंगायतनाकडून वळसा घालत तीन फेऱ्या मारायच्या. व्हिएतनामच्या राजधानीला, हनोईला, जायचं ठरलं तेव्हा मी आधी गावातला तलाव शोधला आणि मग त्याच्यापासून चालत पाच मिनिटांवरचं हॉटेल. सोबतीला वहिनी होती, तीही माझ्याबरोबर फेऱ्या मारणारी. 2025 चा दसरा 2 ऑक्टोबरला होता. आपट्याची पानं वाटून झाली आणि दुसऱ्या दिवशी आम्ही हनोईत होतो.

त्या तलावाचं नाव होआन किएम, म्हणजे 'परत केलेली तलवार'. पंधराव्या शतकात ले लोइ या व्हिएतनामी राजाने चीनच्या मिंग सैन्याला हुसकून लावलं. त्याची तलवार दैवी होती आणि काम झाल्यावर तलावातल्या सोनेरी कासवाने ती मागून घेतली, अशी कथा आहे. पाण्याच्या मधोमध कासवाचा मनोरा उभा आहे. एका बाजूला लाल लाकडी पूल ओलांडला की न्गॉक सन देऊळ लागतं आणि तिथे काचेच्या पेटीत खरंखुरं महाकाय कासव जतन करून ठेवलंय. या तलावातलं शेवटचं मोठं कासव 2016 च्या जानेवारीत गेलं. आपल्याकडे शंकराच्या देवळात गाभाऱ्यासमोर फरशीत कासव कोरलेलं असतं, त्याला हात लावल्याशिवाय आपण पुढे जात नाही. वहिनीने पेटीच्या काचेला बोटं टेकवली आणि छातीशी नेली. शेजारी उभ्या असलेल्या आजीबाईंनी ते बघितलं आणि अगदी तसंच केलं.

पण तलाव बघावा तो पहाटे. साडेपाचला आम्ही खाली उतरलो तर काठ माणसांनी भरलेला. एकीकडे पन्नासेक बायका लाल पंखे घेऊन रांगेत, पुढे एक छोटा स्पीकर. दुसरीकडे म्हातारे जोडपी करून नाचतायत, अगदी ताठ पाठीने. फुटपाथवर जाळी बांधून बॅडमिंटन चाललंय. आम्ही पंखेवाल्या बायकांच्या मागे उभ्या राहिलो आणि बघून बघून हात हलवू लागलो. तिसऱ्या मिनिटाला पुढच्या रांगेतून राखाडी केसांच्या एक बाई मागे आल्या, माझं कोपर धरलं, दोन बोटं वर उचललं आणि खांदा खाली दाबला. एक शब्द बोलल्या नाहीत. परत आपल्या जागी जाऊन उभ्या राहिल्या. पुढचे सगळे दिवस मी त्यांच्याच मागे उभी राहिले.

जुन्या भागात रस्ता ओलांडणं हे आधी शिकावं लागतं. स्कूटर-मोटारसायकलींचा लोंढा थांबत नाही, आणि कुणी आपल्यासाठी थांबेल अशी अपेक्षाही धरायची नसते. एका ठराविक चालीने चालत राहायचं, न धावता, न थबकता. गाड्या आपल्या दोन्ही बाजूंनी पाण्यासारख्या वाटून जातात. वहिनीने माझी ओढणी मुठीत धरली होती. पहिल्या दिवशी पार झाल्यावर तिची बोटं सोडवावी लागली, दुसऱ्या दिवशी ती माझ्या पुढे होती.

खाण्याचं म्हणाल तर वहिनी शाकाहारी, आणि तिथे बहुतेक पदार्थांत माशाचा सॉस पडतो. पहिल्या दुपारी एका ठिकाणी 'भाज्यांचं' म्हणून मागवलेल्या वाडग्यात तो होताच. वास आल्याबरोबर तिने चमचा खाली ठेवला आणि पुढे दिवसभर केळ्यांवर काढलं. मला फार वाईट वाटलं, कारण आग्रह माझा होता. संध्याकाळी हॉटेलातल्या मुलीने एक शब्द शिकवला. शाकाहाराला तिथे जे म्हणतात ते ऐकायला थेट आपल्या 'चाय'सारखं आहे. ती पाटी दिसली की निर्धास्त आत शिरायचं. अमावास्या-पौर्णिमेला तिथले पुष्कळ लोक मांसमच्छी वर्ज्य करतात, त्यामुळे अशा खानावळी जागोजागी आहेत. त्या मुलीची आईसुद्धा ते दोन दिवस पाळते म्हणाली. वहिनी लगेच तिला आपली संकष्टी समजावून सांगायला बसली.

आणि कोम! याच्यासाठी मी पुन्हा जाईन. चिकट जातीचा तांदूळ दाणा कोवळा असतानाच कापतात, भाजतात आणि कांडून चपटा करतात. कमळाच्या पानात बांधून विकतात, वर भाताच्या काडीची गाठ. विकणारी बाई तलावाजवळच्या कोपऱ्यावर बसली होती. तिने पान उघडून चिमूटभर माझ्या तळहातावर ठेवलं. पोपटी रंग, पोह्यांहून लहान आणि मऊ, चव दुधाळ. हुरड्याच्या कोवळेपणाला पोह्यांचा आकार दिला तर जे होईल ते. कोकणातली मी, भाताची इतकी कोवळी चव मला आजवर मिळाली नव्हती. उभ्या उभ्या अर्धी पुडी संपली.

बाकीचं थोडक्यात सांगते. वान म्यू हे 1070 चं विद्यामंदिर, तिथे दगडी कासवांच्या पाठीवर 82 शिलालेख आहेत आणि त्यांवर परीक्षा उत्तीर्ण झालेल्या विद्वानांची नावं. हे बघितल्यावर कासव या गावाच्या किती आत मुरलंय ते कळतं. हो ताय या मोठ्या तलावाकाठच्या त्रान क्वोक विहारात एक बोधिवृक्ष आहे, राजेंद्रप्रसादांनी राष्ट्रपती असताना 1959 मध्ये भेट दिलेला. वहिनी त्याच्या पाराशी अर्धा तास बसून राहिली. लाँग बिएन पूल फ्रेंचांनी 1902 मध्ये पुरा केला, अमेरिकी बॉम्बहल्ले सोसले, आणि त्यावरून अजून आगगाडी जाते. 1853 ची पहिली गाडी ज्या गावी आली तिथली मी, म्हणून तो पूल चालत जाणं मला भागच होतं.

आता कोजागिरी. त्यांचा चंद्रोत्सव चांद्र पंचांगाच्या आठव्या महिन्याच्या पौर्णिमेला असतो. आपली आश्विन पौर्णिमा आणि तो दरवर्षी जुळत नाहीत, पण 2025 मध्ये दोन्ही 6 ऑक्टोबरलाच आले. हांग मा या कागदी वस्तूंच्या गल्लीत संध्याकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. बांबूच्या काड्यांवर लाल जिलेटीन ताणून केलेल्या पाचकोनी चांदण्या, आत दिवा. आपली आकाशकंदिलाची चांदणीच, फक्त काठीवर लावून मुलांच्या हातात. एका बापाने लेकीला खांद्यावर घेतलं होतं आणि तिची चांदणी सारखी माझ्या डोक्याला लागत होती. ढोल वाजत होते. वर मात्र ढग, चंद्राचा पत्ता नाही.

वहिनी ठाण्याहून मसाला दुधाची पूड घेऊन आली होती. रात्री हॉटेलच्या किटलीत पाणी उकळलं, दुकानातून आणलेल्या दुधाच्या पिशव्या गरम पाण्यात ठेवून तापवल्या आणि चार कप दूध केलं. दोन आमचे, एक हॉटेलातल्या त्या मुलीला, एक रखवालदारकाकांना. केशराची काडी बघून ती विचारू लागली. वहिनीने खिडकीकडे बोट दाखवून सांगितलं, आज देवी विचारत फिरते, कोण जागं आहे. मी ते मोबाईलवर भाषांतर करून दाखवलं. मुलीने वाचलं, स्वतःकडे बोट केलं आणि म्हणाली, रात्रपाळी.

पहाटे पावसाने जाग आली. वाऱ्यासकट आडवा पाऊस, चंद्र न दिसण्याचं कारण तेच. कुणी आलं नसेल असं वाटूनही आम्ही छत्री घेऊन तलावावर गेलो. पंखेवाल्यांच्या जागी सहाजणी होत्या, रेनकोटात, मोठ्या झाडाखाली. स्पीकरला प्लॅस्टिकची पिशवी बांधलेली. राखाडी केसांच्या बाईंनी आम्हाला बघितलं आणि एक पाऊल बाजूला सरकून माझ्यासाठी जागा केली. वाऱ्याबरोबर कुठूनतरी सातवणीच्या फुलांचा उग्र वास येत होता, आमच्या गल्लीत दसऱ्यापासून येतो तोच. वहिनी छत्री मिटून माझ्या शेजारी उभी राहिली. परत निघालो तेव्हा हॉटेलच्या गल्लीत पाणी घोट्यापर्यंत चढलं होतं आणि दुकानदार शटरखाली फळ्या लावत होते.