बाप्तिस्म्याचा दाखला काढताना

लग्न ठरलं की कॅथलिक चर्चमध्ये पहिल्यांदा मागतात तो बाप्तिस्म्याचा, म्हणजे पाण्याने ख्रिस्ती होण्याच्या संस्काराचा, दाखला. माझा आईने जपून ठेवला होता. लग्नपूर्व शिबिर, अर्ज, साक्षीदार, सगळं पटापट झालं. अडलं ते याच कागदावर. "हा जुना चालणार नाही, सहा महिन्यांच्या आतला आणा." का, ते सांगितलं नाही. मी विचारलं तर "नियम आहे" एवढंच उत्तर.

मला याचा फार राग आला, आणि तो अजून पुरता गेलेला नाही. बाप्तिस्मा आयुष्यात एकदाच होतो. 'पापांच्या क्षमेसाठी एकच बाप्तिस्मा' असं 381 सालापासूनचा विश्वासांगीकार, म्हणजे चर्चमध्ये म्हणतात ती श्रद्धेची कबुली, सांगतो. मग एकदाच झालेल्या गोष्टीचा कागद शिळा कसा होतो?

दाखला जिथे बाप्तिस्मा झाला तिथल्याच चर्चमधून मिळतो. तिथल्या कार्यालयात माझी नोंदच सापडेना. जुन्या दाखल्यावरची तारखेची ओळ नेमकी घडीवर येऊन झिजली होती, म्हणून त्यांनी जन्मसालाची वही पाहिली आणि "नाव नाही" म्हणून सांगितलं. पुन्हा गेले तर फादर बाहेरगावी, वह्या कपाटात, किल्ली त्यांच्यापाशी. नंतर गेले तेव्हा कार्यालयाची वेळ संपलेली. लग्नाची तारीख जवळ येत होती आणि खिडकीतून दर वेळी तेच वाक्य: "पुढच्या आठवड्यात बघू." जाणार असाल तर एक लक्षात ठेवा, वही बाप्तिस्म्याच्या तारखेने लावलेली असते, जन्मतारखेने नव्हे. माझा जन्म डिसेंबरअखेरचा, बाप्तिस्मा जानेवारीतला. म्हणजे नोंद पुढच्या सालात. हे आईला आठवलं म्हणून सुटलं. आईवडिलांची आणि बाप्तिस्म्यात बाळाच्या वतीने उभे राहिलेल्या धर्ममाता-धर्मपित्याची नावंही लिहून न्या, त्यावरून खात्री पटते.

शेवटी एका वयस्क फादरनी वही माझ्यासमोर उघडली. तपकिरी पडलेली शाई, माझं नाव, आईवडील, धर्ममाता, फादरची सही. आणि शेजारी समासात, वेगळ्याच हस्ताक्षरात, माझ्या दृढीकरणाची, म्हणजे बाप्तिस्म्यानंतर विश्वास पक्का करणाऱ्या संस्काराची, तारीख. दृढीकरण तर मी दुसऱ्या गावी घेतलं होतं! फादर म्हणाले, "बाळ, तिथून इथे कळवतात. लग्न, धर्मगुरूपदाची दीक्षा, संन्यासव्रत, सगळं इथेच चढतं. तुझा जुना कागद बाप्तिस्मा झाला एवढं सांगतो. त्यानंतर काय झालं ते ही वही सांगते." 1983 च्या कॅनन लॉमध्ये, म्हणजे चर्चच्या कायद्यात, 535 वा नियम हेच सांगतो. ताज्या दाखल्यावरून तुमचं आधी लग्न झालेलं नाही हे कळतं.

हे पहिल्याच दिवशी खिडकीत सांगितलं असतं तर दोन वाक्यांत झालं असतं. माझी तक्रार वेळेची कमी, याची जास्त आहे. कारण यात बाप्तिस्म्याची अख्खी शिकवण आहे. पुढचं सगळं त्या एका दिवसाला जोडून लिहिलं जातं. प्रेषित पौल बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात म्हणतो की बाप्तिस्म्यात आपण ख्रिस्ताबरोबर पुरले गेलो, ते नव्या जीवनात चालण्यासाठी. चालायचं रोज असतं. चर्चच्या दारात पवित्र पाण्यात बोटं बुडवून क्रूसाची खूण करतो, ती त्याच पाण्याची आठवण. ईस्टरच्या आदल्या रात्री मेणबत्ती हातात धरून सैतानाला नकार देतो, ती वचनं माझ्या वतीने कधीकाळी धर्ममातेने दिली होती. आता ती मला द्यायची असतात, आणि सोमवारी घरात, कामावर पाळायची असतात. खिडकीच्या अलीकडचा आणि पलीकडचा, दोघेही त्याच पाण्यातून आलेले. भावाला कारण सांगायला काय लागतं?

अजून एक राहिलं. वही जळाली, हरवली असेल तरी घाबरू नका. कुणाचं नुकसान होत नसेल तर बाप्तिस्म्याला हजर असलेल्या एका विश्वासू साक्षीदाराचं निवेदनही ग्राह्य धरतात, आणि मोठेपणी बाप्तिस्मा घेतला असेल तर स्वतःची शपथ. यासाठी धर्ममाता-धर्मपिता हयात असतील तर आजच भेटून या. दाखला हातात पडला की तिथेच उभं राहून नावाचं स्पेलिंग, शिक्का आणि समासातली दृढीकरणाची नोंद तपासा. नोंद नसेल तर जिथे दृढीकरण झालं तिथलं पत्र आधी आणावं लागतं.