होडी, चपडा आणि टबातली एक रात्र

डिसेंबरात सुरू केलेली होडी मागच्या रविवारी एकदाची खडकवासल्याच्या पाण्यात उतरली. ६० सेंटीमीटर लांब, एक डोलकाठी, दोन शिडं, अंग सगळं सागवानाचं. फोटो बघून तीन-चार जणींनी विचारलं की एवढी चकाकी कशी आणलीस गं, म्हणून लिहायला बसलेय. खरं सांगायचं तर चकाकी मी दोनदा आणली, पहिली एका रात्रीत गेली, आणि दुसऱ्यांदा जे केलं ते चकाकीसाठी केलंच नव्हतं.

होडीच का, तर लहानपणी खडकवासल्याला कणीस खायला गेलो की लांब एनडीएच्या बाजूला पीकॉक बेमध्ये कॅडेट्सची पांढरी शिडं दिसायची आणि ती चक्क वारा येतो त्या बाजूला सरकायची, सरळ नाही, तिरकी, आधी डावीकडे मग उजवीकडे अशी नागमोडी. हे कसं होतं ते मला कोणी समजावून सांगितलं नव्हतं आणि ते डोक्यात राहिलं ते राहिलंच.

सांगाडा पटकन झाला. ३ एमएम प्लाय, मधे कील, म्हणजे होडीचा कणा, त्यावर ९ आडव्या फ्रेम, ड्रॉइंग कागदावर काढून प्लायला चिकटवलं आणि बारीक करवतीने कापलं. खरं काम पट्ट्यांचं. भवानी पेठेत टिंबर मार्केटमधून सागाची एक फळी आणली आणि ज्या मिस्त्रीमामांनी बारा वर्षांपूर्वी आमची कपाटं केली होती त्यांच्याकडून ८ एमएम रुंद, २ एमएम जाड अशा पट्ट्या चिरून घेतल्या. जवळजवळ अर्धं लाकूड भुशात गेलं, कारण करवतीचं पातंच जवळजवळ पट्टीएवढं जाड. मामांनी एकेक पट्टी उजेडात धरून बघितली आणि सात-आठ बाजूला काढल्या. "ताई, ह्या घेऊ नका, ह्यांची रेषा तिरकी पळालीय, वाकवायला गेलात की मोडणार." मी हावरटासारख्या त्याही घेतल्या आणि त्यातल्या पाच खरंच मोडल्या.

एका बाजूला १५ पट्ट्या लागल्या. पोटाशी रुंद आणि नाळेकडे (होडीच्या पुढच्या टोकाकडे) निमुळत्या, म्हणजे प्रत्येक पट्टी रंध्याने दोन्ही टोकांना उतरवायची, अर्धा तास गरम पाण्यात ठेवायची, ओली असतानाच फ्रेमवर वाकवून कपड्यांच्या चिमट्यांनी धरून ठेवायची आणि सुकल्यावर चिकटवायची. एक डावीकडे लावली की पुढची उजवीकडेच, एकाच बाजूच्या सलग लावत गेलं तर सांगाडा पिळला जातो आणि मग ती होडी आयुष्यभर एका बाजूला वळत राहते. सागाचं अजून एक, त्यात अंगचंच तेल असतं. पहिल्या दोन पट्ट्या फेविकॉल मरीन लावूनही रात्रीत सुटून आल्या. मग चिकटवायची कड आधी थिनरच्या फडक्याने पुसून घ्यायला लागले, त्यानंतर एकही सुटली नाही. दिवसाला दोन पट्ट्या, ऑफिसमधून आल्यावर. जानेवारी त्यातच गेला.

आता पॉलिशचं. आमच्या घरात लाकडाला पॉलिश म्हणजे चपडा, दुसरं काही माहीतच नाही. लाखेचा किडा पळस, बोर, कुसुम असल्या झाडांच्या फांद्यांवर लाख सोडतो, ती साफ करून पातळ पापुद्रे करतात तो चपडा, तो स्पिरिटमध्ये विरघळवायचा, कापसाची गादी मलमलीत गुंडाळून त्यात बुडवायची आणि लाकडावर फिरवत राहायचं. मामांनी केलेली कपाटं अजून आरशासारखी आहेत. त्यांच्याकडूनच बाटली आणली आणि शनिवारी दुपारभर हात फिरवत बसले. स्पिरिट उडून जातं त्यामुळे एक थर दहा-पंधरा मिनिटांत सुकतो, लगेच दुसरा देता येतो, संध्याकाळपर्यंत आठ-नऊ थर झाले. सागाचा तो मधासारखा रंग वर आला, पट्ट्यांच्या जोडांच्या रेषा केसासारख्या बारीक दिसायला लागल्या, मी होडी दिव्याखाली धरून नुसती फिरवून बघत होते. आईला बोलावून दाखवली.

आणि रात्री गळते का बघायला बाथरूममधल्या टबात सोडली. छान तरंगत होती, म्हटलं राहू दे रात्रभर.

सकाळी पाण्याच्या रेषेखालचा सगळा भाग पांढरा. डाग नाही, अख्खा पट्टा, दुधात बुडवून काढल्यासारखा, बोट लावलं तर किंचित मऊ. वरचा अर्धा भाग तसाच चमकत होता त्यामुळे खालचा अजूनच भेसूर दिसत होता. मला खरंच रडू आलं. पाणी बाहेरून आत गेलं तरी लाकूड फुगलं नव्हतं, एवढंच नशीब.

मामांकडे घेऊन गेले. त्यांनी होडी हातात घेतली, उलटी केली, अंगठा फिरवला आणि म्हणाले, "पाण्यात सोडणार हे बोलला नाहीत तुम्ही. पॉलिश घराच्या आतलं काम, ताई. पाण्याला वार्निश." आणि खरंच मी बोलले नव्हते. लाखेच्या थरात ओल शिरते आणि तिथेच अडकते, तेच ते पांढरं. जेवणाच्या टेबलावर ओला ग्लास ठेवला की गोल उमटतो ना, तेच, फक्त अख्ख्या होडीभर. पण जी लाख स्पिरिटमध्ये विरघळते ती स्पिरिटनेच निघतेही, फडकी भिजवून दोन तासांत सगळी उतरवली, मग १२० नंबरचा पॉलिश पेपर, मग २२०. लाकूड पुन्हा कोरं.

रविवार पेठेतून मरीन वार्निशचा अर्ध्या लिटरचा डबा आणला. ह्याला स्पार वार्निशही म्हणतात, स्पार म्हणजे जहाजाच्या डोलकाठ्या, परबाणं (शीड बांधायच्या आडव्या काठ्या) वगैरे. त्या काठ्या वाऱ्यात वाकतात, उन्हात तापतात, भिजतात, म्हणून त्यांच्या वार्निशमध्ये तेलाचं प्रमाण जास्त ठेवतात, म्हणजे थर जरा लवचिक राहतो आणि लाकडाबरोबर हलतो, तडकत नाही. कडक आणि आरशासारखा थर कपाटाला ठीक आहे, कपाट कुठे वाकतं. हे मला आधी कळलं असतं तर मी चपडा हातात घेतलाच नसता.

पण हे सुकतं फार सावकाश, कारण स्पिरिटसारखं उडून जात नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. एक हात, मग २४ तास थांबायचं, मग ३२० नंबरने हलकं घासून चमक घालवायची म्हणजे पुढचा हात धरतो, मग पुसून दुसरा हात. असे सहा हात. पहिल्या हाताच्या आधी पुन्हा सगळं अंग थिनरने पुसलं, सागाचं तेल वर असेल तर वार्निश चिकचिकतच राहतं. पहिला हात अर्धं वार्निश अर्धं टर्पेंटाइन, इतका पातळ की लाकूड पिऊनच टाकतं. डबा हलवायचा नाही, बुडबुडे होतात, काडीने हळू ढवळायचं, आणि लागेल तेवढंच जुन्या नायलॉनच्या मोज्यातून वाटीत गाळून घ्यायचं.

तिसरा हात मी दुपारी गच्चीत दिला, चूक. लाकूड उन्हात तापलं, त्याच्या छिद्रांतली हवा फुगली आणि सगळीकडे टाचणीच्या डोक्याएवढे फोड. ते घासून काढले आणि मग बाथरूममध्येच बस्तान हलवलं, संध्याकाळी, ऊन उतरल्यावर. आधी भिंतींवर थोडं पाणी मारून धूळ बसवायची, फरशी पुसून सुकू द्यायची, खिडकी उघडी आणि दार बंद. मार्चात पुण्याची हवा कोरडी, हे काम पावसाळ्यात करायचं धाडस मी करणार नाही. चौथ्या हातात नाळेपाशी एक चिलट येऊन चिकटलं. हात शिवशिवत होता पण ओल्या वार्निशमध्ये बोट घातलं तर खड्डा पडतो, म्हणून तसंच राहू दिलं आणि दुसऱ्या दिवशी घासताना ते आपोआप गेलं, एक पाय सोडून, तो अजून आहे, नीट वाकून बघितलं तरच दिसतो.

एक मात्र हात जोडून सांगते, तेलाच्या वार्निशची फडकी गोळा करून डब्यात कोंबू नका. सुकताना ती आतून तापतात आणि आपोआप पेट घेऊ शकतात. मी दोरीवर पसरून वाळवते, मग टाकते.

बाकीचं थोडक्यात. डोलकाठी बुरूड आळीतून आणलेल्या बांबूची, चिरून गोल केलेली. शिडं छत्रीच्या कापडाची, आईने मशीनवर शिवली. खाली २० सेंटीमीटरच्या पात्याच्या टोकाला ४५० ग्रॅम शिसं, एअरगनचे छर्रे अरल्डाइटमध्ये कालवून साच्यात भरले, घरात शिसं वितळवायचं नव्हतं. होडी सगळी मिळून १२०० ग्रॅम, आणि ते शिसं इतकं खोल आहे म्हणूनच वाऱ्याने कलली तरी परत उभी राहते.

पाषाणचा तलाव जवळ पडतो पण तिथे जलपर्णी, म्हणून खडकवासलाच. सकाळी वारा नव्हता, साडेदहानंतर सुटला. मागे लांब दोरा बांधून सोडली, शीड जरा आवळून, आणि ती आधी कलली, मग थांबल्यासारखी झाली, मग वाऱ्याकडे तोंड तिरकं करून निघाली, दोरा माझ्या बोटांतून सरसर जात होता. आई काठावर कणीस हातात धरून उभी होती, खायचं विसरून.

घरी आल्यावर कोरड्या फडक्याने पुसली. दोन तास पाण्यात होती, कुठेही पांढरं नाही. फक्त कीलजवळ दगडाला घासून बोटभर ओरखडा आलाय, लाकूड उघडं पडलंय. काल तेवढ्यावर ३२० मारला, आज सातवा हात दिलाय, आणि उद्या संध्याकाळपर्यंत बाथरूमचं दार कोणी उघडायचं नाही असं घरात सांगून ठेवलंय.